प्रोसेसरचा पंचनामा

गारपीट झाली, की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शेतावर येऊन पंचनामा करतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हे पंचनामे जवळून पाहिले. गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीचे प्रमाण एवढे त्यात येते. पंचांनी जे पाहिले ते लिहायचे. मदत कोणाला आणि किती द्यायची, हा निर्णय पुढे वेगळ्या ठिकाणी होतो. पंचनामा आणि निर्णय यांतला हा फरक खेड्यातल्या शेतकऱ्यालाही नीट ठाऊक असतो.

संगणकातला प्रोसेसर, म्हणजे गणनेचे काम करणारी मुख्य चिप, हीसुद्धा असाच पंचनामा लिहीत असते. आपल्या आत किंवा शेजारच्या स्मृतीत काही चुकले, असे तिला आढळले, की ती एका ठरलेल्या जागी ६४ अंकी नोंद करते. पडदा निळा होऊन संगणक बंद पडतो, तेव्हा अनेकदा त्यामागे ही नोंद असते. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये किंवा लिनक्सच्या नोंदवहीत ती नंतर वाचता येते. शालेय पुस्तकांत मात्र तिचा उल्लेख सहसा नसतो. परिणामी, ती वाचण्याचे काम दुरुस्तीवाल्याकडे जाते, आणि पंचनाम्यालाच निकाल समजून प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळतो. ज्या शाळेच्या संगणक कक्षात मुळात दहाच यंत्रे आहेत, तिला हा सल्ला महागात पडतो. म्हणून या लेखात आम्ही या नोंदीकडे एक लेखन म्हणून पाहणार आहोत. हे लेखन कितपत प्रामाणिक आहे, कोठे फसवे आहे आणि आपण ते कसे वाचावे, हे तपासू.

चूक कळते कशी?

यंत्राला स्वतःची चूक कळते, हेच प्रथम आश्चर्याचे वाटेल. त्यामागची युक्ती सोपी आहे. १०११००१ ही सात अंकी द्विमान संख्या घ्या. तिच्यात १ हा अंक चार वेळा आला आहे. चार ही सम संख्या, म्हणून सोबत एक जादा अंक ० ठेवला. १ विषम वेळा आला असता, तर जादा अंक १ ठेवला असता. म्हणजे जादा अंकासह एकूण १ नेहमी समच. साठवणुकीत एखादा अंक उलटला, तर बेरीज विषम होते आणि चूक उघडकीला येते. कोणता अंक उलटला, ते मात्र कळत नाही. आणि एकाच वेळी दोन अंक उलटले, तर काहीच कळत नाही.

बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. जादा अंक एकाऐवजी अनेक घेऊन ते योग्य रीतीने गुंफले, तर चुकलेला अंक नेमका ओळखून दुरुस्तही करता येतो. सर्व्हर संगणकांच्या स्मृतीत बहुधा ६४ अंकांमागे ८ जादा अंक असतात. एक चूक दुरुस्त होते, दोन चुका निदान ओळखता येतात. प्रोसेसरच्या आतल्या जलद स्मृतीलाही अशी संरक्षणे असतात. इंटेलच्या पेंटियमने (१९९३) अशा चुका कळवण्याची प्राथमिक सोय दिली आणि पेंटियम प्रोने (१९९५) तिला 'मशिन चेक'ची पद्धतशीर रचना दिली. आज वापरात असलेल्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांतील नोंदी त्याच वळणाच्या आहेत.

नोंद वाचून पाहू

समजा, गेवराईच्या एखाद्या शाळेतील संगणक अचानक बंद पडला आणि नोंदवहीत ही ओळ मिळाली: बँक ३, स्थिती बीई०० ०००० ००८० ०४००. ही संख्या षोडशमान पद्धतीत आहे. शून्य ते नऊ हे दहा अंक, आणि १० ते १५ साठी ए ते एफ ही सहा अक्षरे. प्रत्येक चिन्ह म्हणजे चार द्विमान अंक. बी म्हणजे ११, द्विमानात १०११. ई म्हणजे १४, द्विमानात १११०.

आता पहिले चार अंक पाहू. पहिला १ म्हणतो, 'ही नोंद ग्राह्य आहे'. दुसरा ० म्हणतो, 'ही नोंद वाचली जाण्याआधी दुसरी चूक येऊन आदळली नाही'. तिसरा १ म्हणतो, 'चूक मला दुरुस्त करता आली नाही'. चौथा १ म्हणतो, 'ही चूक कळवण्याची सोय चालू होती'. पुढच्या चारांपैकी पहिला १ सांगतो, की पूरक माहितीचा रकाना भरलेला आहे. दुसरा सांगतो, की पत्त्याचा रकानाही भरलेला आहे. तिसरा १ सर्वांत गंभीर: 'माझी स्वतःची आतली स्थिती बिघडलेली असू शकते, यापुढे माझ्या उत्तरांवर विसंबू नका'. हा अंक १ असल्यावर संगणकाने थांबणे हेच शहाणपणाचे. चुकीचे गुण निकालपत्रात लिहिण्यापेक्षा काम बंद पडलेले बरे. आठव्या अंकाचा अर्थ सर्व मॉडेलांत सारखा नसतो, म्हणून तो सोडून देऊ.

चूक कोणत्या जातीची, ते शेवटच्या चार चिन्हांत असते. येथे ती ०४०० आहेत. त्याचा अर्थ 'अंतर्गत कालमापकाची चूक'. त्याकडे लवकरच येऊ.

दुसरी नोंद घेऊ: ८सी०० ००४० ०००१ ००९०. ८ म्हणजे १०००. नोंद ग्राह्य आहे, आणि तिसरा अंक ० असल्याने चूक दुरुस्त झालेली आहे. सी म्हणजे ११००. पूरक माहिती आणि पत्ता दोन्ही उपलब्ध आहेत, आतली स्थिती शाबूत आहे. मधल्या ००४० मध्ये दुरुस्त चुकांची संख्या दडलेली आहे. येथे ती एक आहे. शेवटचे ००९० द्विमानात ०००० ०००० १००१ ०००० असे लिहा. त्यातला पहिला १ सांगतो, की प्रश्न स्मृतीच्या नियंत्रकाकडचा आहे. पुढचे ००१ सांगतात, की स्मृतीतून वाचताना तो आला. शेवटचे चार शून्य म्हणजे स्मृतीची शून्य क्रमांकाची वाहिनी. एवढ्या छोट्या जागेत इतकी माहिती! नववीच्या वर्गात द्विमान पद्धती शिकवताना १३ चे ११०१ करून दाखवण्यापेक्षा हे उदाहरण कितीतरी सरस ठरेल.

या लेखनाचे गुण

लेखन म्हणून या नोंदीचा पहिला गुण असा, की ती स्वतःच्या अज्ञानाची नोंद ठेवते. पत्त्याचा रकाना रिकामा असेल, तर 'पत्ता ग्राह्य नाही' असे सांगणारा अंक तिच्यात आहे. रकाना भरायचाच म्हणून त्यात काहीबाही लिहिले आणि वाचणाऱ्याने ते खरे धरले, असे होऊ नये, याची काळजी रचनाकारांनी घेतली आहे. आमच्या प्रयोगशाळांतील वह्यांतही ही शिस्त नेहमी दिसत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांत तर 'वाचन घेतले नाही' असे लिहिलेले क्वचितच सापडते.

दुसरा गुण, ती आपल्या अपुरेपणाचीही नोंद ठेवते. एक नोंद वाचली जाण्याआधी दुसरी चूक झाली, तर जागा एकच असल्याने दोन्ही लिहिता येत नाहीत. अशा वेळी दुरुस्त न झालेली चूक दुरुस्त झालेल्या चुकीच्या जागी लिहिली जाते. एरवी पहिलीच नोंद राहते. पण काहीतरी हरवले आहे, हे सांगणारा अंक १ होतो. हा अंक १ दिसला, की समजावे, आपल्यासमोर घटनेचा एक तुकडाच आहे.

एवढी स्तुती केल्यावर आता दोषांकडे वळू.

'कळवणारा' की 'दोषी'?

विंडोज या नोंदीचे इंग्रजी वाक्यांत रूपांतर करते, तेव्हा 'रिपोर्टेड बाय कंपोनंट: प्रोसेसर कोअर' अशी ओळ येते. अर्थ सरळ आहे: प्रोसेसरच्या गाभ्याने कळवले. वाचणारा मात्र 'प्रोसेसरचा गाभा बिघडला' असे वाचतो. पोलीस पाटलाने चोरीची वर्दी दिली म्हणून कोणी त्यालाच चोर धरत नाही. येथे नेमके तेच घडते.

पहिल्या नोंदीतील कालमापकाची चूक घ्या. प्रोसेसर सतत सूचना पूर्ण करत असतो. बराच काळ, म्हणजे यंत्राच्या मानाने बराच, एकही सूचना पूर्ण झाली नाही, तर आतला कालमापक संपतो आणि ही नोंद होते. ती एवढेच म्हणते, 'मी वाट पाहत अडकलो'. कशाची वाट, ते ती सांगत नाही. खाचेत बसवलेले एखादे कार्ड उत्तर देत नसेल, वीजपुरवठ्याचा दाब अस्थिर असेल, मदरबोर्डवरील मांडणीत चुकीची किंमत भरलेली असेल, किंवा खरोखरच प्रोसेसर बिघडला असेल. परळी वैजनाथच्या औष्णिक वीजकेंद्रातील संच २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. त्या दिवसांच्या नोंदवहीत 'निर्मिती शून्य' एवढेच वाचून कोणी टर्बाइन बदलायला निघाला असता, तर आपण त्याला काय म्हटले असते?

लिनक्सवर पुष्कळ वर्षे वापरात असलेल्या एमसीईलॉग या आज्ञावलीबद्दलही आमची तक्रार आहे. तिच्या अहवालात 'हा सॉफ्टवेअरचा दोष नाही' असे ठासून सांगितलेले असे आणि हार्डवेअर विक्रेत्याशी संपर्क साधण्याचा सल्ला जोडलेला असे. यंत्राच्या चुकीसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला धारेवर धरू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण मूळ ६४ अंकांत असे कोणतेही विधान नाही. ते वरून चिकटवलेले आहे. एखाद्या उपकरणाची चुकीची मांडणी करणारी आज्ञावलीही अशी नोंद घडवून आणू शकते. त्याच प्रकारच्या अहवालांत 'तापमान मर्यादेपलीकडे गेले, गती कमी केली' अशाही ओळी येत. तो तर बिघाडच नव्हे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, धुळीने भरलेल्या पंख्याखाली प्रोसेसरने स्वतःला वाचवल्याची ती खूण. पंखा साफ करणे हा त्यावरचा उपाय.

उलट्या दिशेनेही फसगत होते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ चालवताना 'चित्रस्मृती संपली' असा संदेश येई. लोकांनी ग्राफिक्स कार्डे संशयित धरली. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, की दोष प्रोसेसरच्या बाजूचा आहे. आतील सूक्ष्म आज्ञावली गरजेपेक्षा जास्त विद्युत दाब मागत होती आणि त्यामुळे चिपची झीज होत होती. कंपनीने या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. म्हणजे संदेशात नाव एकाचे, दोष दुसऱ्याचा. आणि तो दोषही 'हार्डवेअर की सॉफ्टवेअर' या दोन कप्प्यांत सरळ न बसणारा.

न लिहिलेल्या चुका

पंचनामा नाही म्हणजे नुकसान नाही, असेही समजू नये. १९९४ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. उत्तरे जुळेनात, म्हणून त्यांनी एकेक शक्यता बाद करत शोध घेतला आणि पेंटियमच्या भागाकारात चूक असल्याचे सिद्ध केले. पुढे एक उदाहरण प्रसिद्ध झाले. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचे उत्तर १.३३३८२ यायला हवे. सदोष चिप १.३३३७४ देई. या चुकीची कोणतीही नोंद झाली नाही, कारण चिप तिच्या आराखड्याप्रमाणेच चालत होती. आराखडाच चुकलेला होता.

२०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी याहून विलक्षण उदाहरण प्रसिद्ध केले. एका प्रोसेसरचा एक गाभा १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक भाग विचारल्यावर १५६ ऐवजी ० सांगत असे. अशा चुकीमुळे फायलींचा आकार शून्य ठरे आणि त्या पुढे लिहिल्याच जात नसत. येथेही नोंद नव्हती. गणना करणाऱ्या परिपथांना साठवणुकीइतके संरक्षण नसते, हे त्यामागचे कारण.

आपल्या शाळांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. साध्या डेस्कटॉप संगणकांच्या मुख्य स्मृतीत बहुधा हॅमिंगच्या पद्धतीचे जादा अंक नसतात; तेवढा खर्च वाचवलेला असतो. तेथे स्मृतीची पट्टी सदोष असली, तर '००९०' अशी नोंद येणारच नाही. आज्ञावली कधी येथे तर कधी तेथे बंद पडेल, एखादी फाइल उघडणार नाही. स्मृती तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवणे हाच तेथे उपाय आहे.

विश्वकिरणांवर बोळवण

शेवटची टीका आम्हा विज्ञानलेखकांवरच करावी लागेल. संगणकाच्या चुकांचा विषय निघाला, की लेख हमखास विश्वकिरणांकडे जातो. २००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक येथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त मिळाली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. तेव्हा एक अंक उलटला असावा, हा तर्क उत्तम. पण तो विश्वकिरणानेच उलटवला, हे कोणी पाहिलेले नाही. दुसरे काही सापडले नाही म्हणून काढलेले ते अनुमान आहे.

होमी भाभा यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्याबरोबर विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. तेव्हा या विषयाबद्दल आपल्याला आत्मीयता असणे स्वाभाविक आहे, आणि असे कण चिपमधील अंक उलटवू शकतात, हेही खरे आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अशुद्धीतून निघणारे अल्फा कणही हे करतात. पण गुगलच्या यंत्रसमूहांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. वर्षभरात स्मृतीच्या सुमारे ८ टक्के पट्ट्यांत दुरुस्त होणाऱ्या चुका आढळल्या, आणि त्यांतील बहुतेकांचे कारण आकाशातून येणारे क्षणिक आघात नसून पट्टीतलेच कायमचे दोष असावेत, असा निष्कर्ष निघाला. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा पुन्हा चुके. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अल्प आढळला. परंतु ती वातानुकूलित केंद्रे होती. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांवर जाणाऱ्या आपल्या खोल्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

शाळेत काय करावे?

संगणक नोंद देऊन अडकला, तर लगेच भिंतीतली पिन उपटू नये. या नोंदी वीज चालू ठेवून केलेल्या पुनरारंभात टिकतात आणि पुढच्या वेळी यंत्रणा त्या वाचून ठेवते. वीज तोडली, की त्या पुसल्या जातात. सोळाच्या सोळा चिन्हे, बँकेचा क्रमांक, प्रोसेसरचे मॉडेल, तारीख, वेळ, खोलीतील तापमान आणि त्या वेळी वीज गेली-आली होती का, हे वहीत लिहावे. मॉडेल न लिहिता बँकेचा क्रमांक लिहून उपयोग नाही, कारण एका मॉडेलमधील बँक ४ आणि दुसऱ्यातील बँक ४ यांचा संबंध वेगवेगळ्या भागांशी असू शकतो. एका नोंदीवरून काही बदलू नये. चार-पाच नोंदी झाल्या, की त्या शेजारी शेजारी मांडाव्या. तीच वाहिनी, तोच पत्ता पुन्हा पुन्हा येतो का? की वेगवेगळ्या भागांच्या चुका विखुरलेल्या आहेत? पहिल्या प्रकारात विशिष्ट भागावर संशय घ्यावा. दुसऱ्यात वीजपुरवठा आणि उष्णता आधी तपासावी. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर यंत्र दुरुस्त होते, पण आपल्याला काहीच कळलेले नसते.

वर्गासाठी एक पाठही यातून तयार होतो. वरच्या दोन नोंदी फळ्यावर लिहाव्या आणि विद्यार्थ्यांना दोन रकाने करायला सांगावे. पहिल्यात नोंदीने प्रत्यक्ष सांगितलेले, दुसऱ्यात आपण त्यावरून काढलेले. 'चूक दुरुस्त झाली नाही' हे पहिल्या रकान्यात जाईल. 'प्रोसेसर खराब आहे' हे दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक वाक्यापुढे ते कसे तपासणार, हेही मुलांनी लिहावे. तपासण्याचा मार्ग सुचत नसेल, तर ते वाक्य खोडावे. हाच पाठ पुढे रक्ततपासणीच्या कागदाला, पावसाच्या अंदाजाला आणि परीक्षेच्या निकालालाही लावता येईल.

प्रोसेसरने लिहिलेल्या ६४ अंकांना आम्ही चांगले गुण देऊ. त्यांवर चढवलेल्या वाक्यांना मात्र काठावरचे. ही वाक्ये लिहिणाऱ्यांनी 'कळवणारा भाग' आणि 'संशयित भाग' असे दोन वेगळे रकाने ठेवले आणि दुसरा रकाना माहीत नसेल तेव्हा कोरा सोडला, तर पुष्कळ चांगली यंत्रे भंगारात जाण्यापासून वाचतील. तोवर तो दुसरा रकाना शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या वहीत स्वतःच आखून घ्यावा.